लिफ्टमनचा खोकला

माझ्या धाकट्या भावाला आम्ही भोंगा म्हणतो. जन्मला तेव्हा त्याने अख्खं इस्पितळ डोक्यावर घेतलं होतं, आणि ते अजून खाली ठेवलेलं नाही. बसमध्ये बोलतो, दाढी करताना बोलतो, तोंडात टूथब्रश असतानाही बोलतो आणि वर आपल्याला कळलं नाही तर चिडतो. अशा माणसाने नोकरीतून वर्षभराची रजा काढून एक व्हिडिओ गेम बनवला, आणि त्या गेममध्ये एकही शब्द ठेवला नाही.

गेमचं नाव 'अबोला'. एक उंच इमारत, तिला एकच लिफ्ट, लिफ्टमध्ये दोनच माणसं मावतात. आपण सगळ्यांना आपापल्या मजल्यावर पोचवायचं. गोम अशी, की त्या इमारतीतल्या निम्म्या लोकांचं उरलेल्या निम्म्यांशी वाकडं आहे. बोलणं बंद असलेली दोन माणसं एकत्र चढली, की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. मग कोपऱ्यात गोल बाणाचं बटण आहे ते दाबायचं आणि डाव पहिल्यापासून सुरू करायचा. कुणाचं कुणाशी बिनसलंय हे कुठे लिहिलेलं नाही. कोण कुणाकडे पाठ करून उभा आहे, कुणी कुणाला पाहून पेपर तोंडापुढे धरला, यावरून ते ओळखायचं.

शेवटच्या डावात दोन म्हाताऱ्या बहिणी आहेत. सगळा गेमभर आपण त्यांना एकमेकींपासून लांब ठेवत आलेलो असतो. आता दोघींनाही गच्चीवर जायचं असतं आणि लिफ्टची एकच फेरी उरलेली असते. दुसरा इलाजच नाही, दोघींना एकत्र चढवावं लागतं. लिफ्ट अडकते. आणि इथे आपण काहीही करायचं नाही. नुसतं थांबायचं. थोड्या वेळाने एक म्हातारी दुसरीच्या स्वेटरकडे बघते. वरची गुंडी चुकीच्या काजात गेलेली असते. ती पुढे होऊन ती गुंडी सोडवते, नीट लावते, आणि लिफ्ट सुरू होते. दार उघडतं, गच्ची दिसते, गेम संपतो.

मला हा शेवट फार आवडला होता. पण मी भोंग्याला तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो त्यावर तासभर बोलला असता आणि माझी आवड तिथेच मेली असती.

या गेमवर काय अवलंबून होतं ते आधी सांगते. भोंग्याच्या कंपनीने आमच्या शहरातली शाखा बंद केली होती. रजा संपली, की त्याला मुख्य कचेरीत रुजू व्हायचं होतं, आणि ती इतकी लांब, की विमानसुद्धा मध्ये एकदा बदलावं लागतं. इथेच राहायचा एक मार्ग होता. शहरात एक संस्था आहे, ती दरवर्षी एक छोटा गेम निवडते आणि तो बनवणाऱ्याला आपल्याकडे खोली आणि काम देते. घरात भोंगा आणि आई अशी दोघंच. आईला विचारलं तर म्हणायची, "जायचं तर जाऊ दे की. मी काय त्याला बांधून ठेवलंय?" हे ती ओट्याकडे तोंड करून म्हणायची, आणि कोरडा ठणठणीत ओटा पुन्हा पुसायची.

तर भोंग्याने आम्हाला गेम खेळायला बसवलं. या लोकांच्या धंद्यात म्हणे एक नियम असतो. कुणी आपला गेम खेळून बघत असेल, तर बनवणाऱ्याने मागे बसायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. चुकू द्यायचं, अडकू द्यायचं, काही सांगायचं नाही. हे ऐकून आम्ही सगळे पोट धरून हसलो. भोंगा आणि गप्प? पण पठ्ठ्या खरंच बसला. आईच्या जेवणाच्या टेबलाशी, खेळणाऱ्याच्या पाठीमागे लाकडी स्टूल टाकून, तोंडावर पंजा दाबून, गेम संपेपर्यंत. आमच्या घरात याला चमत्कार समजण्यात आलं. आईने तर त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

आधी माझा नवरा खेळला. त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि घाई हा प्रकार त्याला माहीत नाही. तरी चहा निवायच्या आत त्याने गेम संपवला. मग मी. मीही धडाधड संपवला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग आई बसली. आई फोनचा स्पीकर चालू असतानाही फोन कानाला लावते. तिनेही संपवला, चष्मा पुसला आणि म्हणाली, "एवढंच?"

भोंग्याचा चेहरा उतरला. "ताई, तू तोंडावर बोलतेस," तो मला म्हणाला. "सांग. काय जमलंय, काय नाही?"

"चित्रं झकास. शब्द नाहीत हे तर फारच झकास, निदान कुठेतरी नाहीत. म्हाताऱ्यांचा शेवट बरा आहे."

"आणि वाईट?"

"फार सोपा. फार लहान. सुरू झाला म्हणेपर्यंत संपला."

"आईसुद्धा सोडवते म्हणजे सोपाच असणार," तो पुटपुटला.

"आईसुद्धा म्हणजे काय रे?" आई म्हणाली.

त्या दिवसापासून भोंगा गेम अवघड करायच्या मागे लागला. पेपरवाल्याचा पेपर काढून टाकला. पाठ करून उभी राहणारी माणसं सरळ उभी केली. जिने नाक मुरडलं होतं तिचं नाक सरळ केलं. थोडक्यात, ज्या खुणांवरून काही कळायची शक्यता होती, त्या एकेक करून पुसल्या. मग आईला परत टेबलाशी बसवलं. आईने पहिल्याइतक्याच वेळात गेम संपवला. त्याने आणखी खुणा पुसल्या. आईने पुन्हा संपवला, या वेळी मध्ये उठून गॅससुद्धा बंद करून आली. भोंगा स्वतःचे केस उपटायचा तेवढा बाकी राहिला होता. "ही बाई नाही, ही कोण आहे!" तो ओरडला. आई प्रसन्न दिसत होती.

निवडीच्या आधी संस्थेने एक दिवस ठेवला होता. वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रत्येकाने आपला गेम मांडायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्या परक्या माणसांनी तो खेळून बघायचा. नेमकी आदल्या दिवशी भोंग्याची अक्कलदाढ काढावी लागली. त्याच्या अकलेत त्याने काही फरक पडणार नव्हता, पण गाल पावासारखा फुगला आणि डॉक्टरांनी बोलायला बंदी केली. भोंगा गप्प आहे अशा गोड घरात बसून राहण्याऐवजी मी त्याच्या जागी वाचनालयात जाऊन बसले, याबद्दल मला अजून कुणी धन्यवाद दिलेले नाहीत.

पहिली एक कॉलेजातली मुलगी आली. तिसऱ्या डावात अडकली. बाण दाबला, अडकली, बाण दाबला, अडकली, आणि फोन आल्याचं सोंग करून उठून गेली. मग एक निवृत्त दिसणारे गृहस्थ आले. ते दुसऱ्याच डावात अडकले आणि मला विचारू लागले की प्रसाधनगृह कुठे आहे. एक बाई आल्या, चिकाटीच्या. बाण दाबून दाबून, नुसत्या अंदाजाने त्या पार शेवटच्या डावापर्यंत पोचल्या. दोघी म्हाताऱ्या लिफ्टमध्ये चढल्या, लिफ्ट अडकली, आणि बाईंनी पापणी लवायच्या आत बाण दाबला. पुन्हा चढवल्या, पुन्हा दाबला. मी टेबलाखाली दोन्ही मुठी आवळून बसले होते. "बिघडलाय हो हा," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून गेल्या. जाता जाता एक तरुण मला म्हणाला, "कल्पना छान आहे." कुणालाही काहीही आवडलं नाही, की असं म्हणतात.

संध्याकाळी सामान गाडीत टाकून मी निघाले, आणि चौकात गाडी थांबवताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी गाडी चालवायला शिकवते. माझ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो. आमच्या धंद्यातला हा जुना रोग आहे. विद्यार्थी शेजारी बसून लोण्यासारखी गाडी चालवतो, आपण खूश, तोही खूश. मग परीक्षेला जातो आणि परीक्षकाच्या कचेरीच्या कुंड्याच उडवतो. बाहेर येऊन रडकुंडीला येतो, "मॅडम, तुमच्याबरोबर असताना गाडी आपोआप थांबायची हो!" आपोआप कशी थांबेल? शिकवणाऱ्याचा पाय त्याच्या नकळत ब्रेकवर गेलेला असतो. शिकवणाऱ्याला पत्ता नसतो, शिकणाऱ्याला तर नसतोच.

मी तशीच आईकडे गेले. नवरा दुकानातून परस्पर तिकडेच आला होता. भोंगा गाल धरून सोफ्यावर बसला होता. मी त्याला उठवलं, बाथरूममध्ये ढकललं आणि बाहेरून कडी घातली. आत तो काहीतरी ओरडला, पण फुगलेल्या गालामुळे त्याची शिवी कुणालाही लागू पडली नाही.

"आई, बस. खेळ."

आई बसली. पहिला डाव सुटला. दुसऱ्यात तिचं बोट हवेत थांबलं. तिने मान वर करून समोर पाहिलं. समोर कपाट आहे, त्याला काचेची दारं आहेत. मग मागे वळून पाहिलं.

"हा कुठे गेला?"

"बाथरूममध्ये."

"मग मी कशी खेळू?"

"म्हणजे?"

"अगं म्हणजे काय! मला काय कळतंय तुमच्या त्या लिफ्टमधलं. समोर काचेत हा दिसतो ना. बोट चुकीच्या माणसावर गेलं, की खाकरतो. बरोबर माणसावर गेलं, की नाकातून सुस्कारा सोडतो. चुकतंय चुकतंय असं झालं की पाय हलवतो. आणि त्या दोघी म्हाताऱ्या अडकल्या, की हा श्वासच घेत नाही. मग मीही हात हलवत नाही. म्हटलं, पोराचं काहीतरी होऊन बसेल, आपण गप्प बसावं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चष्मा काढून काचा बघत होता. "मी काही काचेत बघितलं नाही," तो म्हणाला. "मला ते स्टूल ऐकू यायचं. चुकलो की करकरायचं. मला वाटलं, तो आवाज गेममधलाच आहे."

माझं स्वतःचं काय? आठवून पाहिलं तर माझ्या मानेवर दर वेळी एक गरम श्वास यायचा, आणि तो थांबला की मी थांबायचे. मी ज्याबद्दल स्वतःची पाठ थोपटली होती, ती अक्कल माझ्या मानेमागे स्टुलावर बसलेली होती.

बाथरूमच्या दारामागून काहीच आवाज येईना. मी कडी काढली. भोंगा बाथटबच्या काठावर बसला होता. सगळं ऐकलं होतं त्याने. गालावर हात, नजर फरशीवर, आणि तोंडातून शब्द नाही. त्याला असं बसलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला त्याची भयंकर कीव आली.

"म्हणजे इतके महिने," तो शेवटी म्हणाला, जीभ सांभाळत, "माझा गेम मीच खेळत होतो."

"हो," मी म्हणाले. "आणि छान खेळत होतास."

दुसऱ्या दिवशी त्याने जे केलं ते बोलघेवड्या माणसाकडून अपेक्षितच होतं. पुसलेल्या खुणा परत घातल्या हे ठीक, पण त्याने गेममध्ये सूचना लिहून काढल्या. मी पहिली सूचना वाचली. तिच्यात चार 'तथापि' होते. "हे काय आहे?" मी विचारलं. "लिफ्टचा गेम आहे की विम्याच्या अटी?" तो म्हणाला की लोकांना कळायला नको का. मी म्हणाले की लोकांना कळलं तर पाहिजे, पण तू त्यांना सांगितलेलं चालणार नाही. मग आम्ही भांडलो. आई मध्ये येऊन म्हणाली की भांडायचं तर बाहेर जाऊन भांडा, मला बातम्या ऐकू येत नाहीत.

तोडगा माझ्या नवऱ्याने काढला, आणि तोही काढतोय हे त्याला माहीत नसताना. "ते स्टूल करकरतं ना," तो चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "तो आवाज खरंच गेममध्ये टाकला तर?"

बिस्किट तुटून चहात पडलं.

असा लिफ्टमन जन्माला आला. लिफ्टच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेला, आपल्याकडे पाठ, टोपी घातलेला. बोलायचं काही नाही. चुकीच्या माणसावर बोट गेलं की खाकरायचं, बरोबर असेल तर नाकातून सुस्कारा, फारच चुकायला लागलं की स्टूल करकर वाजवायचं. आणि शेवटी म्हाताऱ्या अडकल्या, की खांदे वर घेऊन श्वास रोखून धरायचा.

गाल उतरल्यावर आवाज भरायला बसलो. शांत जागा म्हणून भोंग्याला आईच्या कपड्यांच्या कपाटात बसवलं, कोटांच्या मध्ये, हातात माझा फोन देऊन. पण खोकायला सांगितलं की हा नाटकात सासरा मरताना खोकतो तसा खोकायचा. खोटा म्हणजे किती खोटा! मग मी युक्ती केली. कपाटाचं दार फटीइतकं उघडं ठेवून त्याच्यासमोर गेम खेळायला बसले, आणि मुद्दाम चुकीचा खेळले. जो माणूस तिसऱ्या मजल्यावर जाणार हे शेंबड्या पोरालाही कळावं, त्याला मी तळघरात नेलं. कपाटातून असे काही अस्सल खाकरे आले, की विचारू नका. मी त्याला दुपारभर छळलं. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. शेवटी म्हाताऱ्या अडकल्या, तेव्हा मी बोट बाणाजवळ नेलं आणि तिथेच ठेवलं. कपाटात श्वास थांबला. बराच वेळ थांबला. मग मी बोट मागे घेतलं, तेव्हा आतून जो श्वास सुटला तो ऐकून आई स्वयंपाकघरातून पळत आली.

नवा गेम मी माझ्या शिकाऊ मंडळींवर सोडला. भोंग्याला तिथे फिरकू दिलं नाही. टॅब्लेट आणि हेडफोन देऊन एकेकाला वेटिंग रूममध्ये बसवलं. सगळे शेवटपर्यंत पोचले. लवकर नाही, डोकं खाजवत, ओठ चावत, पण पोचले. एका बाईंनी त्यापायी गाडीचा धडा बुडवला. मागे वळून कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. मी भोंग्याला फोन केला आणि सांगितलं, "तुझा पाय ब्रेकवरून निघाला." तो पुढे अर्धा तास बोलला.

निवडीच्या दिवशी मी त्याला संस्थेच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीत कोंडलं, काच बोटभर खाली ठेवली, आणि आत जाऊन भिंतीशी उभी राहिले. समितीच्या मुख्य बाई आमच्या टेबलाशी बसल्या. केस बारीक कापलेले, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही अशा. हेडफोन चढवला. पहिला डाव, दुसरा, तिसरा. एकदा त्या चुकल्या आणि चटकन उजवीकडे पाहिलं, जसं शेजारी कुणी बसलंय. माझा उजवा पाय फरशीवर गच्च दाबलेला होता, पोटरी दुखायला लागली होती.

म्हाताऱ्या चढल्या. लिफ्ट अडकली. बाईंचं बोट बाणाकडे गेलं, आणि थांबलं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते, मला ऐकू काही येत नव्हतं, पण त्यांच्या कानात माझा भाऊ आईच्या कोटांमध्ये बसून श्वास रोखून धरतोय हे मला माहीत होतं. बाईंनी हात मांडीवर घेतला. थांबल्या. गुंडी सुटली, गुंडी लागली, दार उघडलं. त्यांनी हेडफोन काढला, चष्मा काढला आणि डोळ्यांच्या कडा अंगठ्याने पुसल्या. मी पळत पार्किंगमध्ये जाऊन भोंग्याला सांगितलं, "झालं! रडली ती!"

दुपारी त्यांनी आम्हाला आत बोलावलं. बाई अगदी प्रेमाने बोलल्या. चित्रं उत्तम. शब्द नाहीत ही हिंमत. लिफ्टमन तर असा, की घरी जाऊन मुलांना सांगणार. शेवट कधी विसरणार नाही.

"पण फार लहान आहे हो," त्या म्हणाल्या. "सुरू होतो न होतो तोच संपतो. लोकांना जास्त काही लागतं."

त्यांनी दुसराच गेम निवडला होता. त्यात जंगल आहे, आणि पहिले दोन तास नुसती लाकडं गोळा करायची. नंतर कळतं की आणखी लाकडं लागणार आहेत. मी त्या बाईंना काय वाटेल ते बोलले. त्यातलं काहीही इथे सांगण्यासारखं नाही. भोंग्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं. घरी जाताना तो काही म्हणजे काही बोलला नाही. सिग्नलला थांबलो, तेव्हा गाडीत फक्त इंडिकेटर वाजत होता. मला त्या लाकडांच्या ढिगाला काडी लावावीशी वाटत होती.

तो गेला. विमानतळावर आईने त्याच्या स्वेटरची गुंडी नीट केली, जी आधीच नीट होती. जायच्या आधी त्याने गेम इंटरनेटवर फुकट टाकला. काही लोकांनी खेळला. एकाने लिहिलं, सुंदर. एकाने लिहिलं, लिफ्टमनला डॉक्टरकडे न्या.

तिकडून तो रोज फोन करतो. तिथल्या कचेरीबद्दल, तिथल्या बसबद्दल, शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या शिंकांबद्दल. आई फोन टेबलावर ठेवून मटार सोलत ऐकते आणि मधूनमधून हं म्हणते. मला वाटायचं, चला, बरं चाललंय दोघांचं.

परवा रविवारी मी दुपारी आईकडे गेले. माझ्याकडे किल्ली आहे, बेल न वाजवता आत आले. आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती, डोक्यावर हेडफोन, समोर टॅब्लेट. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. शेवटचा डाव होता. लिफ्ट अडकलेली, लिफ्टमनचे खांदे वर गेलेले. आई हात न हलवता बसली होती, जशी बसायला हवी तशी. म्हातारी दुसरीच्या स्वेटरकडे वळली, तिचा हात वर यायला लागला, आणि आईने बाण दाबला.

डाव पहिल्यापासून. तिने म्हाताऱ्या पुन्हा चढवल्या, अजिबात न चुकता. लिफ्ट अडकली. आई थांबली. म्हातारीचा हात हलला, आईने बाण दाबला.

मी तिच्या कानावरचा हेडफोन बाजूला केला. "अगं आई, किती वेळा सांगायचं? बाणाला हात लावू नकोस. थोडं थांबलीस की दार उघडतं."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. "फोनवर नुसता बोलत असतो गं. जवळ बसलाय असं वाटत नाही." तिने म्हाताऱ्या परत लिफ्टमध्ये चढवल्या. "आणि दार उघडलं, की संपतो हा. लहान आहे फार."

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. लिफ्ट अडकली. आईने हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली, आणि बोट बाणाजवळ नेऊन ठेवलं.